पिंजाऱ्याच्या दुकानातली गादी

आमच्या खोलीत पहिल्याच भेटीत कुणी खरं नाव सांगितलं, की मला शंका यायची. हा कुणी पाठवलेला तर नाही ना? नंदुरबारच्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि तपासणीनंतर माणसांशी बोलणं, हे माझं काम. समुपदेशक म्हणतात त्याला. हा शब्द आमच्या भागात कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून मी सगळ्यांची ‘बोलणारी मॅडम’. दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिहा म्हणून फोन आला, तेव्हाही पहिला विचार हाच आला, की यांना नक्की काय काढून घ्यायचंय. निवृत्त झाले तरी सवय जात नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. माणूस येतो. त्याला विचारायचं की तपासणी कशासाठी करतोय. तो खोटं सांगतो. आपण ते खोटं नीट ऐकून घ्यायचं, त्याची परवानगी घ्यायची, मग रक्त. रिपोर्ट आला की दार लावून त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही. बायकोला नाही, बापाला नाही, नगरसेवकाला तर नाहीच. यात काय अवघड आहे, असं पुष्कळांना वाटतं. करून बघा म्हणावं.

शहाद्याचा माणूस तपासायला नंदुरबारला येतो आणि नंदुरबारचा नवापूरला जातो. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर दाढ दुखत असते. मोहल्ल्यातल्या बायका खुर्चीवर बसायच्या आधी विचारत, “ये कागज किधर जाता?” धडगावच्या डोंगरातून आलेला एक म्हातारा तर रक्त द्यायलाच तयार नव्हता. गुजरातला मजुरीला जाऊन आला होता आणि तिथे कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की दवाखानेवाले रक्त विकतात. ती नळी कुठे जाते ते मला दाखवा, म्हणाला. मी नेऊन दाखवली. ती कचऱ्यात जाईपर्यंत तो तिथून हलला नाही. मला तो फार आवडला. शंका होती ती त्याने तोंडावर सांगितली. बाकीचे शंका घरी घेऊन जातात आणि तिथे ती वाढते.

तशी घरी नेलेली एक शंका मी जवळून पाहिली. तिची ही गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, नाव बदला, काम बदलू नका. तर त्याला रफिक म्हणू. काम पिंजाऱ्याचं. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, बापाच्याही आधीपासून चालत आलेलं.

पहिल्यांदा तो सलीम म्हणून आला. रिपोर्ट निगेटिव्ह. दोन-तीन महिन्यांनी रमेश म्हणून आला. रिपोर्ट पुन्हा तोच. मी त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, रोज किती चेहरे समोरून जातात. त्याच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. तोंड धुऊन येई, भांग पाडून येई, पण भुवईतला कापूस राहूनच जाई. तिसऱ्यांदा तो युसूफ झाला तेव्हा मी मनात म्हटलं, आता हा कोण आहे ते बघायलाच हवं.

माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. आमच्याकडे एकदा एक जण मोबाईल खिशात चालू ठेवून बसला होता, कुणाकुणाची नावं निघतात ते टिपायला. हाही तसलाच असेल. किंवा वरून तपासायला पाठवला असेल, मॅडम नीट बोलतात की नाही ते बघायला. नाहीतर सरळ गोष्ट, कुठेतरी जात असेल आणि कबूल करत नसेल. मी त्याला खोदून खोदून विचारलं.

“मी कोठेच जात नही, मॅडम,” तो म्हणाला. “दुकान आन घर.”

“मग परत परत कशाला येतोस?”

“रिपोर्ट बदली गया व्हई. आमना लोके उनात, की तुमी बठ्ठा एकमेकासकडे देखतस. मी देखेल शे.”

हे मला लागलं. कारण ते अगदीच खोटं नव्हतं. बुरख्यातली बाई आली की आमच्यातले काही जण एकमेकांकडे बघत, हे मीही पाहिलं होतं. पण रिपोर्ट बदलला नव्हता. मी तसं सांगितलं, त्याने मान हलवली आणि विश्वास न ठेवता निघून गेला.

त्याच सुमारास आम्हाला एक प्रशिक्षण झालं. एचआयव्हीच्या खोलीतच माणसाच्या मनाचीही विचारपूस करा, असं. झोप येते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यावर हसलो. आधीच माणूस नाव खोटं सांगतो, तो झोपेचं खरं सांगणार आहे का? मला वाटलं, वरच्यांना आणखी एक काम आमच्या गळ्यात मारायचं आहे. तरी सांगितलंय तर विचारू, म्हणून विचारायला लागले. चौथ्यांदा भुवईत कापूस घेऊन तो आला, तेव्हा मी त्याचं नाव विचारलंच नाही. म्हटलं, “झोप येस का तुले?”

इतक्या वेळा मी त्याला कुठे गेला होतास म्हणून विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा दगड होता. या साध्या प्रश्नावर त्याचा खालचा ओठ हलायला लागला.

“लोकेस्न्या गाद्या मी भरस, मॅडम. आन मलेच झोप नही.”

मग सगळं बाहेर आलं, खरं नावसुद्धा.

त्याच्या शेजारच्या गल्लीत एक ड्रायव्हर होता, तो वारला. आमच्याकडे मयताची गादी कुणी फेकत नाही, कापूस महाग. कुणी गरिबाला देतात, कुणी पिंजून नवी खोळ घालून घेतात. ड्रायव्हरच्या घरच्यांनी गादी रफिकच्या दुकानात आणून टाकली. त्याने कापूस पिंजला, नवी खोळ भरली आणि टाके घालत असताना लांब सुई अंगठ्यात शिरली. आता पिंजाऱ्यांची एक रीत आहे. सुई लागली की अंगठा तोंडात. कोऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला तर गिऱ्हाईक गादी घेत नाही, म्हणून लहानपणापासून हात आपोआप तोंडात जातो. त्यानेही घातला. टाके पुरे केले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच सांगितलं, ड्रायव्हर कशाने गेला माहीत आहे का? त्याला ‘ती’ बिमारी होती.

तेव्हापासून हा माणूस घरात पाहुण्यासारखा राहत होता. ताट वेगळं, पेला वेगळा. झोपायला दुकानात. लहान मुलगी धावत आली की हात मागे. ड्रायव्हरच्या घरच्यांनी गादी परत नेलीच नाही, ती दुकानाच्या कोपऱ्यात पडून होती. ही टाकायची कुठे, जाळायची कशी, कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून हा तिच्याकडे बघत बसायचा. सुईला हात लावणंही सोडलं होतं, टाके मेव्हणा घालायचा.

मी शिकवल्याप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला. जीव नकोसा वाटतो का? तो म्हणाला, संध्याकाळी पाय आपोआप स्टेशनच्या पलीकडे जातात. मुलीची आठवण आली की परत फिरतात.

ज्याला मी हेर समजत होते, तो मरायला निघाला होता, आणि तोही अंगात नसलेल्या रोगाने. त्याला मी सांगितलं की अशी वाळलेल्या कापसातून, जुन्या गादीतून ही लागण होत नाही, आणि इतक्या महिन्यांनंतरचा निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच. त्याने ऐकून घेतलं. हे सगळं त्याला पाठ होतं. मग पुढे झुकून विचारलं, “त्या ड्रायव्हरले ती बिमारी व्हती का नही, येवढंच सांगा. तो इठेच उना व्हई. तुमले माहीत शे.”

आता हे नीट समजून घ्या. माझ्याकडे उत्तर होतं की नव्हतं, हेही मी त्याला सांगू शकत नव्हते. मेला म्हणून माणसाचा रिपोर्ट उघडा होत नाही. आज एकाबद्दल ‘नव्हती’ म्हटलं, की उद्या दुसऱ्याबद्दल गप्प बसले तर लोक काय समजायचं ते समजतील. ड्रायव्हरला काय होतं ते तुम्हालाही मी सांगणार नाही, वाट बघू नका. पण माझ्या एका शब्दाने समोरचा माणूस कदाचित रात्री झोपला असता, आणि तो शब्द मी तोंडात धरून बसले. नोकरीत इतका राग मला स्वतःच्या नियमांचा कधी आला नव्हता.

मानसिक आजाराचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येत. त्यांच्या खोलीवर मोठी पाटी. रफिक त्या पाटीखालून जायला तयार नव्हता. “इठे देखं कोनी तं सांगता येस, रगत देवाले उनतू. तठे देखं तं मंग पागल म्हनतीन. बहीननं लगन शे.” हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. माझी खोली म्हणजे ज्या खोलीसाठी लोक दाढदुखीचं सोंग करतात, ती. आणि या माणसाला तीच आडोशाची वाटत होती.

मी त्याला एकटं सोडलं नाही. आमच्या सिस्टरना जवळ बसवलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेले. डॉक्टर तरुण होते. “माझी ओपीडी इथे आहे, त्याला इकडे आणा,” म्हणाले. मी म्हटलं, तो इकडे येणार नाही, स्टेशनकडे जाईल. ते उठले. त्या दिवसापासून त्यांच्या दिवशी अर्धा वेळ ते माझ्या खोलीत बसायला लागले. गोळ्याही माझ्याच कपाटातून मिळायच्या. पुढे वरच्यांनी याला मोठं नाव दिलं आणि बैठकीत टाळ्या वाजवल्या. सुरुवात फक्त एका पाटीच्या भीतीतून झाली होती.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावली. याची तपासणी आता करायची नाही. प्रत्येक तपासणीने त्याला दोन दिवस बरं वाटतं आणि शंका आणखी मोठी होऊन परत येते. आयुष्यभर मी लोकांना तपासून घ्या म्हणून विनवत आले, आणि आता एकाला नाही म्हणायचं होतं. रफिकने लगेच अर्थ काढला. “म्हंजे खराब निंघना रिपोर्ट, म्हनीसन नही म्हनतस.”

हे चाललेलं असताना एका दुपारी एक बाई आली. नाव शमीम म्हणू. नकाब वर केला आणि थेट विचारलं, “मेरेकू सच बताओ मॅडम, उसका कोई है बाहर?” नवरा जवळ येत नाही, दुकानात झोपतो, मुलीला उचलत नाही. तिला रक्त तपासायचं होतं, आणि रिपोर्टपेक्षा जास्त तिला ती दुसरी बाई कोण ते हवं होतं. नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा मला कळलं. त्याचं सगळं मला माहीत, तिचं सगळं मला माहीत, आणि दोघांनाही एकमेकांबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. माहेरी धुळ्याला निघून जाते म्हणाली. मी एवढंच म्हटलं, जायच्या आधी एकदा त्याला विचार, की झोप का येत नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ती दुसरी बाई मीच.

विचारलं मात्र तिने. पुढच्या आठवड्यात दोघं बरोबर आले, तो पुढे, ती मागे. त्याने तिला सगळं सांगितलं होतं. शमीम खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “इतने दिन मैं सौतन ढूंडती रही, और निकली गादी.” आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

इथे गोष्ट संपली असं कुणाला वाटेल. गोळ्यांनी झोप यायला लागली, स्टेशनकडे पाय वळणं थांबलं, जेवू लागला. पण मुलीला हात लावत नव्हता, सुईला हात लावत नव्हता. शमीमने माहेरी न्यायच्या पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि उचलल्या नव्हत्या, एवढंच. डॉक्टर म्हणत होते, ज्याची भीती आहे ते काम करायला लाग. तो हो म्हणायचा. एके दिवशी निघताना दारातून परत आला.

“मॅडम, तुमी सांगतस गादीथून काही व्हत नही. तुमी झोपशात का त्या गादीवर?”

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचार करायला थांबले असते तर त्याला दिसलं असतं. संध्याकाळी रिक्षातून ती गादी माझ्या घरी आली. उतरवताना त्याने माझ्याकडे तिरकं बघत विचारलं, “त्याले काही नव्हतं, ते तुमले माहीत व्हई. म्हनीसन तुमी हा म्हनी ऱ्हायनात.” मी म्हटलं, असतं तरी हो म्हटलं असतं. त्याला पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर पहिल्या रात्री त्या गादीवर पाठ टेकताना मला माझी सगळी पोपटपंची एकदा मनात म्हणून घ्यावी लागली. डोक्याला माहीत असतं ते पाठीला पटायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री मी विसरले. छान भरलेली गादी होती.

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते माझ्यावर वैतागले. “मॅडम, रक्ताची तपासणी बंद केली, तर तुम्ही त्याला नवी तपासणी दिलीत. आता तो तुम्हाला तपासत बसेल.” त्यांचं बरोबर होतं. तो माझ्याकडे निरखून बघायचा. वजन कमी झालं का, खोकला येतो का. मला शिंक आली तरी त्याचा चेहरा उतरायचा.

मे महिन्यात एका दुपारी तो न सांगता घरी आला. आत शिरला तो सरळ पलंगाकडे. पलंग उघडा. फळ्या दिसत होत्या.

“गादी कोठे शे?”

“गच्चीवर. ऊन दाखवायला टाकलीय.”

तो हसला. इतकं वाईट हसणं मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. गेले कित्येक महिने आम्ही सगळ्यांनी मिळून जे उभं केलं, ते त्या उघड्या पलंगावर कोसळताना मला दिसत होतं. मी म्हटलं, चल, वर चल. तो माझ्यामागून जिना चढला, पण एकेका पायरीवर थांबत.

गच्चीवर एका बाजूला वर्षाच्या मिरच्या वाळत होत्या, एका बाजूला गादी. आणि गादीवर माझी नात झोपली होती. सुट्टीला आलेली, पहिलीतली. सकाळपासून गच्चीवर खेळत होती, सावली गादीवर आली तशी तिथेच आडवी झाली असणार. गाल खोळीला चिकटलेला, तोंड उघडं.

लपवत नाही. मी स्वतः झोपत होते ते ठीक होतं, नातीचा विचार मी केलाच नव्हता. एक क्षण हात पुढे गेला तिला उचलायला. आणि मी रफिककडे बघितलं. तो नातीकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

माझा हात तसाच पुढे गेला. ऊन सरकत तिच्या कपाळावर आलं होतं. मी पदराने तिच्या चेहऱ्यावर सावली धरली आणि म्हटलं, “हळू बोल. कशीबशी निजेल शे.”

तो गादीच्या कडेला उकिडवा बसला. हाताने कड दाबून बघितली, दुसऱ्या बाजूने दाबली. मला वाटलं, आता विचारेल. काहीतरी विचारेल आणि मला पुन्हा उत्तर देता येणार नाही.

“टाका उसवी गया,” तो म्हणाला. “आठे कापूस गोळा व्हई ऱ्हायना. मोठी सुई शे का घरमा?”

मी खाली गेले आणि गोधड्यांची सुई आणि दोरा घेऊन आले. नातीवर पुन्हा पदर धरला. त्याने सुईत दोरा ओवला आणि नातीला धक्का लागू नये म्हणून लांबच्या कडेपासून टाके घालायला घेतले. कित्येक महिन्यांनी सुई धरलेली, हात बसत नव्हता. चौथा-पाचवा टाका असेल. सुई अंगठ्यात घुसली.

अंगठा तोंडात गेला.

तो थांबला. त्याला कळलं आपण काय केलं ते. अंगठा ओठांतच होता आणि तो माझ्याकडे बघत होता, त्याच जुन्या नजरेने. मी पदर धरून उभी राहिले. बोलणारी मॅडम, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

त्याने अंगठा बाहेर काढला, उजेडात धरून बघितला, लेंग्याला पुसला.

“दोरा पुरस नही,” तो म्हणाला. “आजून शे का?”